भरवसा आणि भाकरी : पंडिता रमाबाईंचे केडगाव

ईश्वरावर भरवसा ठेवावा, असे सर्वच धर्म सांगतात. परंतु महिनाअखेरीस वाण्याचे बिल समोर आले म्हणजे या भरवशाचे काय करायचे, हा प्रश्न पगारावर जगणाऱ्या श्रद्धावान माणसालाही पडतो. प्रार्थना देवघरात किंवा देवळात करावी आणि हिशेब वहीत लिहावा, दोहोंची गाठ पडू देऊ नये, असा एक सोयीस्कर मार्ग बहुतेकांनी काढलेला असतो. हा मार्ग ज्यांनी नाकारला आणि दीड हजारांहून अधिक माणसांच्या रोजच्या जेवणाचा प्रश्न ज्यांनी आपल्या श्रद्धेच्या कसोटीला लावला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र म्हणूनच अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही विचारात पाडते.

रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक असते. त्यांचे जीवन मात्र अर्धेच ठाऊक असते. संस्कृत पंडिता, आर्य महिला समाजाच्या संस्थापिका, शारदा सदनाच्या चालिका या रमाबाईंविषयी आपल्याकडे आदराने लिहिले जाते. त्यानंतरच्या केडगावच्या रमाबाईंकडे आला की चरित्रकाराचा हात आखडतो. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई म्हणजे जणू वाट चुकलेल्या रमाबाई, असा हा अबोल निवाडा आहे. उलट ख्रिस्ती जगतात त्यांची केवळ प्रार्थनाशील संत म्हणून पूजा होते आणि त्यांच्यातील हिशेबी, खंबीर व्यवस्थापक झाकला जातो. दोन्ही चित्रे अपुरी आहेत.

दुष्काळाने दिलेला धडा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकवण्यास शास्त्राची आडकाठी नाही, अशी त्यांची धारणा होती आणि तिच्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांना या बाबतीत आपली बाजू मांडावी लागली. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे रमेला शिकवले. गंगामूळच्या त्यांच्या आश्रमात विद्यार्थी आणि यात्रेकरू यांची सतत वर्दळ असे. आतिथ्यापायी जमीनजुमला संपला, कर्ज झाले आणि रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या टोपलीत घेऊन हे कुटुंब तीर्थाटनाला बाहेर पडले. पुराणे सांगावी, श्रोत्यांनी देतील ते घ्यावे, त्यातूनही दानधर्म करावा, अशी त्यांची उपजीविका होती. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी अशा फिरत्या घरात वाढली.

अठराशे सत्तरच्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाचा आधार तुटला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी अन्न उरले नव्हते. उरलेसुरले पैसे, दागिने, भांडी त्यांनी व्रते, दाने आणि अनुष्ठाने यांत घातली. देव प्रसन्न होऊन संकट टाळील, ही त्यांची श्रद्धा होती. भीक मागण्याची लाज आणि अंगमेहनतीचे काम करण्यास जातीच्या अभिमानाची आडकाठी, अशी त्यांची अवस्था होती. पोट भरण्याचा कोणताही व्यवहारी धंदा कोणाला येत नव्हता. शेवटी वृद्ध वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास याने कुलाभिमान सोडून मोलमजुरीही करीन, असे सांगून त्यांना परावृत्त केले. तोवर फार उशीर झाला होता. वडील, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण कृष्णाबाई असे तिघे थोड्या काळात गेले. मरताना वडिलांनी या धाकट्या मुलीला ईश्वराच्या हाती सोपवले होते, ही आठवण रमाबाईंनी जन्मभर जपली.

दुष्काळात माणसे मरतात ती धान्य मुळीच नसते म्हणून नव्हे, तर धान्य मिळवण्याचे साधन हातातून जाते म्हणून, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. डोंगरे कुटुंबाची कहाणी हे त्या सिद्धांताचे जिवंत उदाहरण आहे. त्यांच्याजवळ विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे पुराणकथन. आणि दुष्काळात प्रथम घसरते ती अशाच सेवांची मागणी. विद्या अपार होती, परंतु तिची भाकरी होत नव्हती. ही गोष्ट रमाबाई कधीच विसरल्या नाहीत. केडगावात पुढे जो घाणा फिरला आणि जे माग चालले, त्यांचे मूळ या उपासमारीत शोधले पाहिजे.

श्रद्धेचा शोध

भावाबरोबर हजारो मैल पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला हा मान मिळाला, तरी मनातील देव मात्र तोवर हरवला होता. व्रतवैकल्यांवरचा विश्वास आईवडिलांच्या चितेबरोबरच जळाला होता. १८८० साली श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जात वेगळी. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारींना नेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी आणि सासर-माहेर यांपैकी कोठेही थारा नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य यांची गरज मांडली. पुस्तकाच्या विक्रीतून काही प्रवासखर्च जमवून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराची कारणमीमांसा अनेकांनी अनेक प्रकारे केली आहे. आमिष, एकाकीपणा, परदेशातील आश्रयदात्यांचे ओझे, अशी कारणे सांगितली जातात. त्या एकाकी होत्या आणि आश्रित होत्या, हे खरे. तथापि त्यांच्या स्वतःच्या कथनात भर आहे तो एका दृश्यावर. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या भगिनींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले होते, अशा स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते. जिला शास्त्रांनी प्रायश्चित्तापलीकडे काही देऊ केले नाही, तिला पुन्हा माणूस म्हणून उभे करणारा धर्म कोणता, असा प्रश्न त्यांना पडला आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेत त्यांना त्याचे उत्तर दिसले. धर्माची पारख त्यांनी ग्रंथांच्या वादातून केली नाही, धर्म टाकलेल्या स्त्रीशी कसा वागतो यावरून केली.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आपली बुद्धी मात्र कोणाच्या स्वाधीन केली नाही. बिशपांचा अधिकार, त्रैक्याचा सिद्धांत, अँग्लिकन पंथाची शिस्त यांविषयी त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी जो पत्रव्यवहार केला, तो वाचला म्हणजे आश्रित स्त्रीने एवढा ताठ कणा कसा राखला, याचे नवल वाटते. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, साधे पांढरे लुगडे नेसल्या आणि कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत पूर्णपणे मावल्या नाहीत. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला आणि त्या धर्माचा प्रभू बऱ्याच वर्षांनी सापडला, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. हा दुसरा शोध १८९१ च्या सुमाराचा. तोवर त्या भारतात परतल्या होत्या.

शारदा सदन आणि वाद

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा चालवण्यास दहा वर्षे मदत करायची, असा तिचा संकल्प होता. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई जोशी ही त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि हिंगण्याच्या कार्यामागे या सदनाची पुण्याई होती, हे विसरता येत नाही.

त्याच १८९३ साली सदनावर वादळ कोसळले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असा करार होता आणि तो त्यांनी अक्षरशः पाळला. परंतु आपल्या खोलीतील खासगी प्रार्थनेच्या वेळी दार बंद ठेवण्याचे त्यांनी नाकारले. दार उघडे असे, काही मुली येऊन बसत, काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात सगळे सत्य एकाच बाजूला होते, असे म्हणता येत नाही. ज्यांनी तटस्थतेच्या आश्वासनावर मुली धाडल्या, त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले, यात गैर काय? शिक्षिकेचे उघडे दार हेसुद्धा एक निमंत्रणच असते, विशेषतः जेव्हा शिकणारीला जगात दुसरे दार उरलेले नसते. दुसऱ्या बाजूने पाहावे तर जी श्रद्धा माणसाच्या उठण्याबसण्यात भिनलेली आहे, ती खोलीत कोंडून ठेवायची कशी, हाही प्रश्न खोटा नव्हता. श्रद्धा आणि संस्थेचा शब्द यांच्यातील हा ताण रमाबाईंनी शेवटी एकाच मार्गाने सोडवला. पुढची संस्था त्यांनी उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच उभारली.

केडगावचा अर्थव्यवहार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर माळरान घेतले. उद्देश सरळ होता. अमेरिकेची दहा वर्षांची हमी १८९८ साली संपणार होती. त्याआधी फळबाग उभी राहिली तर तिच्या उत्पन्नावर सदन चालेल. विहिरी खणून झाडे लावली गेली. ज्या बाईला आपण भाबडी श्रद्धाळू समजतो, तिने हमी संपण्याच्या काही वर्षे आधीच उत्पन्नाचे दुसरे साधन उभारायला घेतले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

याच काळात तीन पुस्तकांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. एक चीनमध्ये हडसन टेलर यांनी उभारलेल्या मिशनचा वृत्तान्त, दुसरे जॉन पेटन या मिशनऱ्याचे चरित्र आणि तिसरे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे वृत्त. म्यूलर यांनी कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, सुमारे दोन हजार अनाथ मुलांचा सांभाळ केला होता, आणि आलेल्या पैन्‌पैचा हिशेबही ते छापून प्रसिद्ध करीत. असा भरवसा इंग्लंडमध्ये फळाला येतो, तर हिंदुस्थानात का येऊ नये, असा प्रश्न रमाबाईंना पडला. त्याचे उत्तर देण्याची वेळ लवकरच आली.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी कामांवर आणि अनाथालयांभोवती टाकून दिलेल्या मुली आणि त्यांना गैरमार्गाला लावण्यासाठी टपलेले दलाल त्यांनी पाहिले. वीस वर्षांपूर्वीची आपलीच उपासमार त्यांच्यापुढे उभी राहिली असेल. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. बोस्टनच्या हमीत या मुली बसत नव्हत्या. ती हमी शिकण्यायोग्य उच्चवर्णीय विधवांसाठी होती. त्यात १८९७ साली पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि बागेच्या जागी गाव वसू लागले. मुक्ती सदन जन्मले ते असे, आखणीच्या बाहेर.

कोणत्याही सावध हिशेबनिसाने या क्षणी नाही म्हटले असते. उत्पन्न अनिश्चित, हमी संपत आलेली, झाडांना अजून फळ नाही आणि खाणारी तोंडे एकाएकी कित्येक पट झालेली. रमाबाईंच्या श्रद्धेची कसोटी नेमकी येथे लागली. हाती पैसा नसताना कर्तव्य आधी पत्करायचे आणि साधनांची वाट मागून पाहायची, हा त्यांच्या भरवशाचा अर्थ होता. मात्र वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या, मंडळाची पुनर्रचना झाली, नवे देणगीदार मिळाले. गरज आणि खर्च लोकांपुढे मांडण्याचे त्यांना वावडे नव्हते. म्यूलर यांचा न मागण्याचा नियम त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही; त्यांची शिस्त उचलली.

१९०० च्या सुमारास गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि सदनातील संख्या दीड हजारांच्या वर गेली. बऱ्याच मुली उपासमारीने इतक्या खंगलेल्या होत्या की आणल्यानंतरही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या, त्यांना रमाबाईंनी केवळ पोसले नाही. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, स्वयंपाक, धुलाई, छपाई अशी कामे त्यांच्यात वाटून दिली. शारदा सदनात शिकलेल्या विधवा या नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळकर्त्या झाल्या. म्हणजे जुन्या संस्थेचे भांडवल नव्या संस्थेच्या उपयोगी पडले. वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमेने परदेशात शिक्षण घेऊन आंधळ्यांना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम हाती घेतले.

ब्राह्मण विधवेच्या हाती नांगर, घाणा आणि टंकाचे खिळे देणे, याचा त्या काळी काय अर्थ होता, तो आज सहज कळणार नाही. आईवडिलांच्या घरी देवावरचा भरवसा आणि अंगमेहनतीची लाज एकत्र नांदली आणि घर बुडाले. केडगावात तोच भरवसा श्रमाच्या प्रतिष्ठेबरोबर नांदला. दोन्ही ठिकाणी ईश्वराला हाक सारख्याच तळमळीने घातली गेली होती. फरक पडला तो प्रार्थना संपल्यावर हात कोठे जातात, यात. हा भेद दोन धर्मांमधला आहे, असे मानण्याचे कारण नाही. हिंदू राहूनही कर्व्यांनी माधुकरीच्या निष्ठेने वर्गणी गोळा करून संस्था उभारली, आणि ख्रिस्ती म्हणवणारे आळशी श्रद्धाळू कोठेही सापडतील. हा भेद निष्क्रिय श्रद्धा आणि कष्टाळू श्रद्धा यांच्यातला आहे.

सत्तेपुढेही ही श्रद्धा नमली नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेल्या या बाईंनी राज्यकर्त्यांची भीड ठेवली नाही आणि गव्हर्नरांना त्या आरोपांचा इन्कार करणे भाग पडले.

एक अवघड प्रश्न

येथे एक आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्या संस्थेत तिने धर्म बदलला, तर ते धर्मांतर स्वेच्छेचे म्हणावे काय? ज्या व्यवहारात एका बाजूला सर्वस्व आहे आणि दुसऱ्या बाजूला केवळ भूक, त्याला मुक्त विनिमय म्हणत नाहीत, असे अर्थशास्त्र सांगते. हा न्याय धर्मालाही लागू केला पाहिजे. दहा वर्षांच्या अनाथ मुलीला केडगावात ख्रिस्ती वातावरणाखेरीज दुसरे वातावरणच नव्हते. १९०५ साली तेथे जी मोठी प्रार्थना-जागृती झाली आणि जिची ख्रिस्ती जगतात नोंद झाली, तिच्यात किती मुलींची स्वतंत्र प्रतीती होती आणि किती समूहाची लाट होती, हे बाहेरच्याने ठरवणे कठीण आहे.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याने दुसराही प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्या माळरानावर, त्या दुष्काळी कामांवर, त्या मुलींसाठी दुसरे कोण गेले होते? जे गेले, त्यांची संख्या किती थोडी होती! धर्म जाईल म्हणून हळहळणाऱ्या समाजाने त्या मुलींचे प्राण जाताना तेवढीच हळहळ दाखवली असती, तर रमाबाईंवरील आक्षेपाला अधिक धार आली असती. मुली वाचवण्याचे श्रेय एका श्रद्धेला द्यावे लागते आणि त्या श्रद्धेने मुलींना दुसरा पर्याय ठेवला नाही, हेही सांगावे लागते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. त्यांतील एक खोडून दुसरे वाचण्याची सवय सोडल्याखेरीज रमाबाईंना न्याय मिळणार नाही.

शेवटचे काम

आयुष्याच्या शेवटच्या सुमारे दीड दशकात रमाबाईंनी एक असे काम अंगावर घेतले, जे एकट्यादुकट्या विद्वानाने सहसा घेतले नसते. संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर करायचे ते काम होते. त्यासाठी त्या उतारवयात या भाषा शिकल्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. जिने संस्कृतच्या बळावर कलकत्ता जिंकले, तिनेच संस्कृतचा भार मराठीवरून उतरवण्यासाठी अखेरची वर्षे वेचली. जुळणी, छपाई, बांधणी ही कामे सदनातील स्त्रियांनीच केली. ज्या मुली कधी भुकेने मरायला टेकल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींच्या हातून एक अवाढव्य ग्रंथ खिळ्या-खिळ्याने उभा राहिला.

या वर्षांत दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. कार्याची वारस म्हणून जिच्याकडे पाहिले, जिने गुलबर्ग्याला शाळा उभारली, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. श्रद्धेच्या बदल्यात ऐहिक सुखाची हमी मिळते, असे मानणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. रमाबाईंच्या भरवशात अशी हमी कधीच नव्हती. त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले आणि भाषांतर तडीस नेऊनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही काम करीत आहे, आणि १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले.

कोणी कोणता धर्म पाळावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. रमाबाईंची श्रद्धा ज्यांना पटत नाही, त्यांनाही तिच्यातून घेण्यासारखे एक आहे. आपल्यापैकी बहुतेकांची श्रद्धा काही मागण्यासाठी असते : नोकरी टिकावी, मुलगा पास व्हावा, बदली टळावी. मिळाले की नवस फेडायचा, न मिळाले की देवाला किंवा दैवाला दोष द्यायचा. रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांच्याकडून सतत काही ना काही काढून घेतले आणि वर नवी जबाबदारी दिली. ती त्यांनी वहीत लिहून, विहीर खणून, घाणा फिरवून, खिळे जुळवून पार पाडली. ईश्वरावरचा भरवसा खरा की खोटा, हे कळण्याचे बाहेरून एवढेच गमक आहे की, त्या भरवशामुळे कोणाच्या तरी ताटात भाकरी पडते की नाही. केडगावात ती पडली, आणि ज्यांच्या ताटात पडली त्या मुली पुढे स्वतःची भाकरी स्वतः मिळवायला शिकल्या. रमाबाईंच्या वडिलांना आपल्या लेकींसाठी एवढीच एक गोष्ट करता आली नव्हती.